छातीचा एक्सरे की लो डोस सीटी?
आमच्या मामांनी तीस वर्षं रोज पाकीटभर सिगरेट ओढली, खोकला वाढला म्हणून एक्सरे काढला, नॉर्मल आला आणि घरात सगळे निवांत झाले. पुढे सीटी केला तर हृदयाच्या मागे साधारण 9 मिलिमीटरची गाठ, वाटाण्याएवढी. एक्सरेत ती दिसणार तरी कशी, बरगड्या, हृदय, सगळं एकावर एक येतं ना, सीटीत मात्र फुफ्फुस चकत्या केल्यासारखं दिसतं.

अमेरिकेत 53,454 जणांवर हीच तुलना झाली, सगळे 55 ते 74 वयाचे, भरपूर सिगरेट ओढलेले. निम्म्यांना दरवर्षी एक्सरे, निम्म्यांना लो डोस सीटी (म्हणजे कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन), असं तीन वेळा. 2011 ला निकाल आला, सीटीवाल्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरणारे 20 टक्के कमी.

एक्सरे स्वस्त आहे, तालुक्यालाही होतो, न्यूमोनियाला उत्तमच. पण लवकरचा कॅन्सर पकडायला त्याच्यावर विसंबू नका प्लीज.

सीटीचाही त्रास आहे हं. त्याच अभ्यासात संशयास्पद म्हटलेल्या रिपोर्टपैकी 96 टक्के कॅन्सर निघालेच नाहीत, आणि आपल्याकडे तर जुन्या टीबीचे डाग असतात, त्यामुळे जीव टांगणीला लागतो. म्हणून ज्याने कधी सिगरेट ओढली नाही, काही त्रास नाही, त्याने उगाच करू नये. पण पन्नाशी ओलांडलेला, वर्षानुवर्षं ओढणारा कोणी घरात असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मामांचा फुफ्फुसाचा तेवढा भाग काढला, केमो लागली नाही. आता सकाळी टेकडी चढतात.