टेस्ला ऑटोपायलट, 7.0 ते 8.0 : स्टिअरिंग नेमकं कशाच्या भरवशावर फिरतंय?

ऑक्टोबर 2015 च्या मध्यावर अमेरिकेतल्या टेस्लाच्या मॉडेल एस गाड्यांमध्ये सॉफ्टवेअरची 7.0 आवृत्ती उतरू लागली. रात्री गॅरेजमध्ये लावलेली गाडी सकाळी हायवेवर स्वतःचं स्टिअरिंग स्वतः फिरवू लागली, आणि तेही एकही नवा पार्ट न बसवता. कॅमेरा, रडार आणि बंपरमधले सेन्सर ऑक्टोबर 2014 पासूनच्या गाड्यांत आधीच बसवलेले होते. ज्यांनी ऑटोपायलट नावाच्या या सोयीचे 2,500 डॉलर गाडी घेतानाच भरले होते, ते या अपडेटची वाट बघत होते.

निकाल आधीच सांगून टाकतो. डिव्हायडर असलेला हायवे, ठळक पट्टे, वाहता ट्रॅफिक आणि कोरडी हवा असेल तर ही आवृत्ती त्या काळात कुठल्याही गाडीत मिळत होती त्यापेक्षा सरस होती. सॅन होजे ते सॅन फ्रान्सिस्को हा हायवे 280 चा लांबलचक वळणांचा रस्ता ती सुरेख घेते. हायवे 101 वर ऑफिस सुटल्यावरच्या रांगेत तर ती खरा आराम देते : पुढची गाडी थांबली की थांबते, सरकली की सरकते, पाय अवघडत नाही. गावातल्या रस्त्यांवर, एकेरी पट्ट्याच्या घाटात, रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात मात्र ती लावूच नये. दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे : गाडीला काय दिसतं आणि काय दिसत नाही.

आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक कॅमेरा आहे. त्याच्यामागे मोबिलआय कंपनीची आयक्यू-3 ही कॅमेऱ्याचं चित्र वाचणारी चिप आहे. पुढच्या बाजूला एक रडार आहे. गाडीभोवती 12 अल्ट्रासॉनिक सेन्सर आहेत, त्यांची नजर साधारण 16 फुटांपर्यंत पोचते. एवढंच. मागे बघणारं रडार नाही. बाजूला बघणारा कॅमेरा नाही. मागचा कॅमेरा आहे, पण तो ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी, ऑटोपायलट त्याचा उपयोग करत नाही.

आता वापर. अपडेट आलं की स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर पिवळ्या घड्याळाची खूण येते. वेळ ठरवायची आणि रात्रीची ठरवायची, कारण इन्स्टॉल होत असताना गाडी चालवता येत नाही. नंतर सेटिंगमध्ये ड्रायव्हर असिस्टन्सच्या पानावर जाऊन ऑटोस्टिअर, म्हणजे गाडीने स्वतः स्टिअरिंग फिरवण्याची सोय, सुरू करावं लागतं. तिथे त्याच्या नावापुढे ‘बीटा’, म्हणजे अजून चाचणीत असलेलं, असं लिहिलेलं आहे, ते शोभेसाठी नाही. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला क्रूझची, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप सांभाळण्याच्या सोयीची, छोटी दांडी असते. ती आपल्याकडे एकदा ओढली की फक्त वेग सांभाळला जातो. लागोपाठ दोनदा ओढली की स्टिअरिंगही गाडीच्या ताब्यात जातं. पुढे गाडी नसेल तर ताशी 18 मैलांच्या खाली ऑटोस्टिअर लागत नाही, पुढे गाडी असेल तर कमी वेगातही लागतं. दांडीचं टोक फिरवून पुढच्या गाडीपासूनचं अंतर 1 ते 7 मध्ये ठरवता येतं. ताशी 65–70 मैलांना 4 किंवा 5 ठेवावं, रस्ता ओला असेल तर 7. अंतर 1 वर ठेवलं की मध्ये कुणी घुसत नाही हे खरं, पण पुढच्या गाडीच्या पलीकडचं तुम्हालाही दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही.

या अपडेटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट डॅशबोर्डवरचं छोटंसं चित्र आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. मध्ये आपली गाडी, दोन्ही बाजूंना लेनचे पट्टे, पुढे इतर गाड्या. वर स्टिअरिंगची खूण राखाडी असेल तर ऑटोस्टिअर लावता येईल, निळी असेल तर लागलेलं आहे. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. खरं बघायचं ते पट्ट्यांकडे. स्टिअरिंगची खूण निळी आणि पट्टेही निळे, म्हणजे गाडी रस्त्यावरच्या रेघा वाचून चालली आहे. खूण निळी पण पट्टे निळे नाहीत, म्हणजे रेघा हरवल्या आहेत आणि गाडी पुढच्याच्या मागोमाग चालली आहे. पुढच्याने एक्झिट घेतला तर आपली गाडीही तिकडे ओढ घेणार. पुढचा डुलक्या खात चालवत असेल तर आपणही त्याच रेषेत. आणि पुढची गाडी निघून गेली की गाडीकडे काहीच उरत नाही. मग लाल रंगात दोन हात स्टिअरिंगवर दिसतात, घंटी वाजते आणि त्या क्षणी तुम्ही तयार असायला हवं. बघायचं काय आणि किती, तर दर दहा-पंधरा सेकंदांनी एक नजर, निळे पट्टे आहेत की नाहीत. एवढी सवय लागली की निम्मे दचके टळतात.

रेघा कुठे हरवतात हे रोजच्या रस्त्यावर आधीच ओळखता येतं. पहिली जागा म्हणजे चढाचा माथा. रस्ता वर जाऊन पलीकडे उतरतो तिथे कॅमेऱ्याला समोर आभाळ दिसतं, पट्टे दिसत नाहीत, आणि गाडी क्षणभर चाचपडते. समोरून वाहतूक असलेल्या रस्त्यावर हे चाचपडणं जिवावर बेतू शकतं. दुसरी जागा उजव्या कडेच्या लेनमधले एक्झिट. अमेरिकेत एक्झिट फुटतो तिथे उजवी रेघ हळूच बाहेर वळते आणि लेन दुप्पट रुंद होते. 7.0 च्या पहिल्या आठवड्यांत गाडी त्या रेघेच्या मागे जाऊन एक्झिटकडे कलायची. पुढे यात सुधारणा दिसली. हजारो गाड्या त्याच वळणावरून जातात आणि ड्रायव्हर स्टिअरिंग ओढून ती दुरुस्त करतात, ते कंपनीला कळतं आणि सगळ्यांच्या उपयोगी पडतं, अशी टेस्लाची मांडणी होती. तरीही उजवी लेन सोडून मधल्या लेनमध्ये राहणं हाच साधा उपाय.

तिसरी जागा काँक्रीटचा पांढुरका रस्ता आणि त्यावर पुसट झालेले पांढरे पट्टे, वर समोरून मावळतीचं ऊन. चौथी, भेगा बुजवायला ओतलेल्या डांबराच्या काळ्या रेघा : ओल्या रस्त्यावर उजेडात त्या चमकतात आणि पट्ट्यांसारख्या दिसतात. कामाच्या ठिकाणी जुने पट्टे खरवडून नवे मारलेले असतात, तिथे तर माणसाचीही गल्लत होते.

दुसरा मोठा दोष थांबलेल्या वस्तूंचा. लोकांना हे पटत नाही की जी गाडी रांगेत इतकी सफाईने थांबते, तिला रस्त्यात उभा ट्रक दिसणार नाही. पण तसं आहे, आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे : ताशी 50 मैलांच्या वर, आपल्या पुढची गाडी लेन बदलून बाजूला झाली आणि तिच्या जागी थांबलेली गाडी समोर आली, तर ब्रेक लागेलच असं नाही. रडारला रस्त्यावरच्या शेकडो स्थिर गोष्टींवरून उलट लाटा येतात : पाट्या, पूल, कठडे, रस्त्यावर पडलेला पत्र्याचा डबा. प्रत्येकाला घाबरून ब्रेक लावला तर मागचा येऊन आदळेल. म्हणून स्थिर वस्तूंकडे बरंचसं दुर्लक्ष करायला त्याला शिकवलेलं असतं. ताशी 70 मैलांना गाडी सेकंदाला 100 फूट जाते. पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागले किंवा ती अचानक बाजूला सरकली की पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे, गाडी काय करते ते बघत बसायचं नाही.

लेन बदलणं दिसायला सगळ्यात देखणं आहे. इंडिकेटर पूर्ण दाबून धरला की गाडी शेजारच्या लेनमध्ये अलगद जाते. पण तिथे जागा आहे की नाही हे ती त्या 16 फुटांच्या सेन्सरनीच बघते. शेजारच्या लेनमधून तुमच्यापेक्षा ताशी 20 मैल जास्त वेगाने कोणी येत असेल तर तो ते 16 फूट अर्ध्या सेकंदात पार करतो. म्हणजे गाडीला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आरसा बघणं, मान वळवणं हे काम पूर्णपणे ड्रायव्हरचंच राहिलेलं आहे.

एक खोच नवीन माणसाला हमखास चकवते. स्टिअरिंग जोर लावून फिरवलं की ऑटोस्टिअर सुटतं, पण क्रूझ सुटत नाही. म्हणजे एक्झिटच्या वळणावर तुम्ही स्टिअरिंग हातात घेता, सगळं आपल्या ताब्यात आलं असं वाटतं, आणि समोर गाडी नसल्यामुळे गाडी ठरवलेल्या 65 कडे वेग वाढवू लागते. एक्झिट घेण्याआधी दांडी पुढे ढकलून सगळं बंद करा, नाहीतर ब्रेकला पाय लावा. ब्रेकने दोन्ही सुटतं.

हात ठेवूनही ‘हात दिसत नाहीत’ अशी सूचना येते, ही तक्रार सर्रास ऐकू येते. गाडी स्पर्श ओळखत नाही, स्टिअरिंगला होणारा किंचितसा विरोध ओळखते. दोन्ही हात समतोल ठेवले की तो विरोध शून्य होतो. एकच हात, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी, त्याच्या वजनाने नुसता लोंबता ठेवला की सूचना येत नाही आणि वेळ आल्यावर हात जागेवरच असतो.

7.0 मध्ये या सूचना फारच विरळ होत्या. लोकांनी मागच्या सीटवर बसून व्हिडिओ काढले. जानेवारी 2016 च्या 7.1 ने डिव्हायडर नसलेल्या आणि वस्तीतल्या रस्त्यांवर ऑटोस्टिअरचा वेग रस्त्याच्या मर्यादेपेक्षा फार तर 5 मैल जास्त, असा बांधला. अनेक मालक चिडले, दिलेली सोय काढून घेतली म्हणाले. हा बदल योग्यच होता, आणि पुरेसा नव्हता. 7 मे 2016 ला फ्लोरिडात विलिस्टनजवळ हायवे ओलांडणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरखाली मॉडेल एस गेली आणि चालकाचा जीव गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं की 41 मिनिटांच्या प्रवासात 37 मिनिटं ऑटोपायलट चालू होतं आणि त्यात स्टिअरिंगवर हात जाणवले ते जेमतेम 25 सेकंद. वेग ताशी 74 मैल ठरवलेला होता. आडवं येणारं वाहन ओळखण्यासाठी ही यंत्रणा बनवलेलीच नव्हती. ज्या रस्त्यावर डाव्या-उजव्या बाजूने कुणी ओलांडू शकतं, तो कितीही रुंद असला तरी ऑटोस्टिअरचा रस्ता नाही.

पार्किंगबद्दल थोडक्यात. रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांमधली जागा हळू जाताना दिसली की डॅशबोर्डवर ‘पी’ येतो, रिव्हर्स टाकून स्टार्ट दाबायचं, बाकी गाडी करते. फुटपाथची कड बुटकी असेल तर चाकाची रिम घासते, तेव्हा नजर ठेवा. 7.1 मधलं समन, म्हणजे बाहेर उभं राहून गाडी गॅरेजमधून काढणं, अरुंद जागेत खरोखर उपयोगी आहे. पण सेन्सर बंपरच्या उंचीवर आहेत. वरून लोंबणारं, अर्धवट उघडलेलं शटर, जमिनीलगतचं खेळणं, यातलं काहीही सुटू शकतं. अंगणात मुलं असतील तर समन बंद.

सप्टेंबर 2016 ची 8.0 ही या गाड्यांसाठी सगळ्यात चांगली आवृत्ती. रडारला मुख्य नजर केलं. पुढच्या गाडीच्या खालून लाट जाऊन तिच्याही पुढची गाडी दिसू लागली. तासाभरात तीन घंट्यांकडे दुर्लक्ष केलं की गाडी थांबवून पार्कमध्ये टाकेपर्यंत ऑटोस्टिअर लागत नाही. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

ऑक्टोबर 2016 पासूनच्या गाड्यांत आठ कॅमेरे आले, पण सॉफ्टवेअर मागे पडलं. 2017 च्या सुरुवातीचे काही महिने नव्या गाडीला जुनीपेक्षा कमी जमत होतं. वापरलेली मॉडेल एस घेताना हे तपासा : दाराच्या मधल्या खांबावर आणि पुढच्या मडगार्डवरच्या इंडिकेटरमध्ये कॅमेरे असतील तर ती नवी यंत्रणा. नसतील तर एकच कॅमेऱ्याची जुनी, आणि जुनीची नवी अपडेटने होत नाही. जुलै 2025 मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं दालन उघडलं तेव्हा मॉडेल वाय 59.89 लाखांपासून आणि ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ वर 6 लाख असा भाव होता, त्यातलं बरंचसं पुढच्या अपडेटवर सोडलेलं. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला विचारा : आज, आपल्या रस्त्यावर, नेमकं काय चालू आहे? उत्तर लेखी घ्या.

प्रत्येक अपडेटनंतर गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते, जुना अनुभव धरून चालत नाही. रोजच्या रस्त्यातला एक चढाचा माथा, एक उजव्या लेनमधला एक्झिट आणि एक पुसट पट्ट्यांचा तुकडा निवडून ठेवा. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी, गर्दी नसताना, कोरड्या रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून या तिन्ही ठिकाणांवरून जा, आणि निळे पट्टे कुठे विझतात ते लिहून ठेवा.