चष्म्याच्या नंबरातून पाहिलेला 34 इंची कर्व्ह्ड मॉनिटर

कर्व्ह्ड मॉनिटर विकणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: चित्र तुम्हाला चहूबाजूंनी घेरतं. घरी फ्लाइट सिम्युलेटर चालवण्यासाठी मॉनिटर बघत असाल तर हे वाक्य बाजूला ठेवा. 34 इंची पडदा डोळ्यांपासून 70 सेंटिमीटरवर ठेवला तर तो समोरचे साठेक अंश व्यापतो. माणसाची नजर, कडेचं अंधुक दिसणं धरून, याच्या तिप्पट पसरते. त्यामुळे घेरलं वगैरे कुणी जात नाही. तरीही मी वक्र पडदाच घेतला आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तोच घेईन. कारण मात्र वेगळं आहे आणि ते माझ्या धंद्यातून आलेलं आहे.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. धुळ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. शहराजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं उडतात, त्यांचा आवाज ऐकतच दिवस जातो. घरी एक्स-प्लेन 12 आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 ही विमान उडवण्याची दोन्ही सॉफ्टवेअर आहेत. विमान बहुतेक वेळा सेसना 172 हे छोटं एकइंजिनी. वय पन्नाशीला टेकलेलं, नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा नंबर असलेला. माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले बरेच जण या छंदात आहेत, पण मॉनिटरबद्दल लिहिणारे बहुधा विशीतले असतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

वक्र पडद्याच्या बाजूनं सांगितलं जाणारं दुसरं कारण म्हणजे पडद्याचा प्रत्येक भाग डोळ्यांपासून सारख्या अंतरावर येतो, म्हणून डोळे थकत नाहीत. मी टेप घेऊन आणि हिशेब मांडून बघितलं. 34 इंची पडद्याची रुंदी साधारण 80 सेंटिमीटर. तो सपाट असला आणि मधोमध 70 सेंटिमीटरवर असला, तर कडा डोळ्यांपासून 80 सेंटिमीटरच्या थोड्या पुढे पडते. डायऑप्टरमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात त्या एककात, हा फरक 0.2 सुद्धा भरत नाही. चष्म्याचे नंबर पाव-पाव डायऑप्टरनं वाढतात, म्हणजे हा फरक एका पायरीपेक्षाही कमी. एवढ्या आकारात नुसत्या फोकससाठी वक्रतेचे जादा पैसे मोजायची गरज नाही. 49 इंचीचं गणित निराळं. तो जवळपास 120 सेंटिमीटर रुंद असतो. सपाट असता तर त्याची कडा 92 सेंटिमीटरवर गेली असती, म्हणून तिथे वक्रता हवीच.

मग 34 इंचीला वक्रता कशासाठी? कडेचा रंग आणि काळेपणा टिकवण्यासाठी. परवडणाऱ्या किमतीतल्या कर्व्ह्ड मॉनिटरमध्ये बहुतेक व्हीए जातीचं एलसीडी पॅनेल असतं. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा असतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण 3000:1 असतो, आयपीएस या दुसऱ्या नेहमीच्या जातीच्या पॅनेलचा 1000:1 च्या आसपास. पण व्हीएकडे तिरकं पाहिलं की रंग फिके पडतात. सपाट 34 इंचीच्या कडेवर नजर जवळपास 30 अंश तिरकी पडते. 1500आर वक्रतेत तीच 16 अंशांवर येते, 1000आर मध्ये 9 वर. इथे आर म्हणजे ज्या वर्तुळाचा तो तुकडा आहे त्याची मिलिमीटरमधली त्रिज्या, म्हणजे आकडा लहान तितका बाक जास्त. सेसनाच्या कॉकपिटमधल्या पॅनेलवर वेग दाखवणारं घड्याळ डावीकडे, आरपीएमचं म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचं उजवीकडे. पडदा सपाट असला की व्हीएमध्ये कडेची घड्याळं धुरकट दिसतात, वक्र पडद्यावर ती मधल्या घड्याळांइतकीच ठसठशीत राहतात. मला एवढंच कारण पुरलं.

1500आर की 1000आर, यावर फार डोकं शिणवू नका. याच पीसीवर एक्सेल किंवा मुलांचा अभ्यास चालणार असेल तर 1000आर मध्ये सरळ रेघा डोळ्याला खटकतात. 1500आर दोन्हीकडे चालतो.

आता आकार. इथे सर्किटची, म्हणजे धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून पुन्हा उतरण्याची, कसोटी लावा. जळगावच्या 09 नंबरच्या धावपट्टीवरून उडा, डावीकडे वळून डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेच्या बाजूला, या. धावपट्टी आता बरोबर डाव्या खांद्याशी, 90 अंशांवर. बेसला, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या बाजूला, वळायचं ते तिचं टोक तिरकं मागे, साधारण 135 अंशांवर गेलं की. 49 इंची पडदासुद्धा डावीकडे 45-50 अंशांपलीकडे काही दाखवत नाही. म्हणजे तिप्पट पैसे मोजूनही मान वळवण्याची सोय वेगळी करावीच लागते. त्यापेक्षा 34 इंची घ्या आणि साध्या वेबकॅमवर ओपनट्रॅक हे डोक्याची हालचाल टिपणारं (हेडट्रॅकिंग) मोफत सॉफ्टवेअर बसवा. मान थोडी वळवली की कॉकपिटमधली नजर खूप वळते. माझ्या मते छंदाला खरा जीव यानं येतो. चष्म्यासकटही ते चेहरा नीट पकडतं, फक्त तोंडावर उजेड हवा.

ग्राफिक्स कार्डावरचा भारही पाहा. 3440 × 1440 म्हणजे सुमारे 49.5 लाख पिक्सेल, 49 इंचीचे 5120 × 1440 म्हणजे 73.7 लाख, 4के म्हणजे 83 लाख. मध्यम कार्डाला पहिला आकडा झेपतो. 2560 × 1080 चा 34 इंची स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नका. त्याचे ठिपके इंचाला 82 च्या आसपास, 1440 वाल्याचे 110. जी1000 च्या, म्हणजे नव्या सेसनातल्या डिजिटल पॅनेलच्या, पडद्यावरची बारीक अक्षरं पहिल्यावर फुटतात आणि आपण झुकून वाचायला लागतो. प्रोग्रेसिव्हवाल्यांची मान तिथेच आखडते.

34 इंचीची एक उणीव मला मनापासून जाणवते: उंची. त्याची उंची 27 इंची मॉनिटरएवढीच, साडेतेहतीस सेंटिमीटर. 32 इंची साधा 16:9 पडदा 40 सेंटिमीटर उंच असतो. उतरताना धावपट्टी आणि वेगाचं घड्याळ एकाच वेळी दिसायला हवं, आणि ती गरज रुंदीपेक्षा उंची भागवते. ज्यांना फक्त जेट उडवायचंय, हेडट्रॅकिंग नको आहे, त्यांनी 32 इंचीचा जरूर विचार करावा. मी रुंद पडदा घेतला तो बाहेरच्या दृश्यासाठी. गोंदूरहून दक्षिणेकडे वळलं की एका कडेला पांझरा नदी आणि दुसऱ्या कडेला लळिंगचा किल्ला, दोन्ही एकाच वेळी नजरेत असतात. सोनगीर मागे टाकून शिरपूरकडे जाताना तापी आडवी येते, तिचं पात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेलं दिसतं. इथल्या माणसाला यात जे मिळतं ते आकड्यात बसत नाही.

बसवण्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. वक्र पडद्यावर डोळ्यांच्या रेषेतली आडवी रेघ सरळ दिसते, तिच्या खालच्या-वरच्या रेघा बाकलेल्या दिसतात. कॉकपिटमधून पाहताना क्षितिज पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात असतं. तेव्हा पडद्याचा वरचा तिसरा भाग डोळ्यांच्या रेषेत येईल इतका मॉनिटर खाली घ्या, क्षितिज सरळ होतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यालाही हेच मानवतं, कारण त्यात मधल्या अंतराची पट्टी काचेच्या मध्याखाली असते आणि मॉनिटर उंच असला की हनुवटी वर करून बसावं लागतं. सोबत येणारा स्टँड बरेचदा इतका खाली जात नाही, शिवाय त्याचे पाय योकच्या, म्हणजे टेबलावर बसवायच्या विमानाच्या स्टिअरिंगच्या, जागेवर येतात. मागे व्हेसाची (आर्म अडकवायची ठरावीक मापाची) भोकं आहेत ना हे पाहून घ्या आणि टेबलाला अडकणारा आर्म लावा. टेबल दोन फूट खोल असेल तर योक बसवल्यावर 70 सेंटिमीटर अंतर मिळणं कठीण, अडीच फूट हवं.

आपल्याकडचा उजेड हाही मोठा विषय आहे. आतल्या बाजूला बाकलेला पडदा पाठीमागच्या खिडकीचं प्रतिबिंब गोळा करतो आणि एक रुंद पांढरा पट्टा करून टाकतो. एप्रिल-मेमधल्या दुपारी धुळ्यात त्या पट्ट्यापुढे पॅनेल वाचता येत नाही. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवा आणि मॅट पडदाच घ्या.

रात्री व्हीएचे गुण आणि दोष दोन्ही उघड होतात. मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर रात्री उतरताना काळोख काळा दिसतो, धावपट्टीचे दिवे टपोरे. मात्र विमान तिरकं करून वळवलं की काळ्यावरून सरकणाऱ्या दिव्यांमागे पुसट शेपूट येते. व्हीएचे गडद ठिपके रंग बदलायला वेळ घेतात, त्याला पुरता उपाय नाही. मला ते चालतं. ओलेड या महागड्या जातीच्या पडद्यात हे होत नाही, पण सिम्युलेटरमध्ये पॅनेलच्या चौकटी तासन्‌तास एकाच जागी असतात आणि ओलेडवर त्यांचा कायमचा डाग उमटायची भीती असते. म्हणून ओलेडचा नाद मी सोडला.

वीज गेली-आली हे इथे रोजचंच. 600 व्हीएचा (इथे व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर) यूपीएस साधारण 360 वॅटच देतो, सिम्युलेटर चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्यापुढे जाऊ शकतात. मोठा घ्या.

मॉनिटर मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतला. दुकानदारानं उघडा पीस मांडून दिला. म्हणाला, "ताई, तुमचा लॅपटॉप लावा, हवं तेवढं पाहा." मी कॉकपिटचे फोटो लावून कडा पाहिल्या, मग संपूर्ण काळा आणि संपूर्ण पांढरा पडदा करून मेलेले ठिपके शोधले. किंमत ऑनलाइनपेक्षा थोडी जास्त पडली, पण समोर बसून पाहायला मिळालं आणि वॉरंटीचा शिक्का तिथल्या तिथे मिळाला. गाडीत बॉक्स उभाच ठेवा, मॉनिटर काढताना काचेवर हात न टेकवता मागून धरा.

प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक करावं. टेपनं डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं नेमकं अंतर मोजा, तो आकडा घेऊन तुमच्या चष्मेवाल्याकडे जा आणि त्याच अंतराचा एकच नंबर असलेला साधा चष्मा करून घ्या. प्रोग्रेसिव्हमध्ये मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते, 80 सेंटिमीटरचा पडदा तिच्यातून तुकड्यातुकड्यानंच दिसतो. साध्या काचेतून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसतो. फ्रेम जुनी चालते, नवी काच फार महाग पडत नाही.