बदल्यांच्या संसारात इग्नूचं एम.ए.: वर्षभरानंतरचा अनुभव

दर दोन-तीन वर्षांनी ज्यांच्या घरात काळ्या पेट्या भरल्या जातात, त्यांच्यासाठी लिहितेय. आमचे हे फौजेत हवालदार. माझं बी.ए., बी.एड. लग्नाआधीच शिवाजी विद्यापीठातून झालेलं. जोधपूरला असताना इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. इतिहासाला प्रवेश घेतला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत यांचं पोस्टिंग फिल्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, आलं. मुलीला घेऊन मी पुण्यात एसएफ क्वार्टरमध्ये (नवरा फिल्डला असताना कुटुंबाला मिळणारं फौजेचं घर) आले. कोर्स किती टिकतो ते त्या मूव्हमध्येच कळलं.

टिकला. परीक्षेचा फॉर्म भरताना केंद्र आपणच निवडायचं असतं, त्यामुळे प्रवेश जोधपूरचा असूनही पेपर पुण्यात दिले. प्रादेशिक केंद्र बदलायचा अर्ज मात्र वेगळा असतो, तो आठवणीनं करा. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. एखादं सत्र सामान बांधण्यात गेलं तर पेपर पुढच्या सत्रात देता येतो, कारण दोन वर्षांचा हा कोर्स चार वर्षांपर्यंत पुरा करायची मुभा आहे. नेहमीच्या कॉलेजात हजेरीवरच घोडं अडलं असतं.

30 टक्के गुण असाइनमेंटचे, 70 टक्के लेखी परीक्षेचे. असाइनमेंट जमा केल्याच्या पावतीचा फोटो काढून ठेवा. पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट मिळतात. छापील संच नको म्हटलं तर फीमध्ये 15 टक्के सूट आहे, पण मी छापीलच घेतला. मोबाइलवर मुघलांची महसूल व्यवस्था वाचून बघा, म्हणजे कळेल.

माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. मराठीतून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, पण त्याची अभ्यासकेंद्रं महाराष्ट्रात. नवरा नोकरीवर आणि आपण गावी, असं ज्यांचं ठरलेलं आहे त्यांनी आधी तेच बघावं. मी हिंदीतून लिहिते. वाचायला अडत नाही, लिहिताना मात्र क्रियापदाचं लिंग हमखास चुकतं.

सगळ्यात जास्त डोकेदुखी नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) लागतो, तिथे कागद जुळले नाहीत की गाडी थांबते. राजपत्रात नावबदल छापून घ्या. यांच्या युनिटमध्ये लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली अधिकृत नोंद, निघालेली असते, त्यातलं नावही एकदा तपासा. डिपेंडंट कार्डावर एक स्पेलिंग आणि पदवीवर दुसरं, असं आमच्या लाइनीत कितीतरी जणींचं आहे. धाकट्या बहिणीला मी सांगून ठेवलंय, लग्नानंतर नाव बदलायच्या भानगडीतच पडू नकोस.

एम.ए.चा खटाटोप आर्मी पब्लिक स्कूलसाठी. तिथे पीजीटीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या शिक्षकाला, एम.ए. आणि बी.एड. दोन्हींत 50 टक्के लागतात. आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीची ऑनलाइन चाळणी परीक्षा, मग मुलाखत, मग शिकवून दाखवणं. चाळणीचं स्कोअर कार्ड कुठल्याही स्टेशनवर चालतं, आपल्या कामाची गोष्ट ती हीच. सीटीईटीचं, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्रही 2021 पासून आजीव झालंय.

पण कागद चालला म्हणजे नोकरी चालली असं नाही. एका खासगी शाळेत माझा डेमो लेसन छान झाला, मुलं प्रश्न विचारत होती. मग ऑफिसात पहिला प्रश्न, "मिस्टरांची बदली कधी?" खरं सांगितलं, फोन आला नाही. आणि नोकरी मिळाली तरी नव्या गावात पुन्हा सुरुवातीच्या पगारावर. पदवी पेटीत घालून नेता येते, सीनियॉरिटी मागेच राहते. हा दोष कुठलाही कोर्स दूर करणार नाही, म्हणून जाहिरातीतलं "करिअर" वाचून भुलू नका.

बी.एड. नसलेल्यांनी एक लक्षात घ्या. इग्नूचं बी.एड. सरसकट सगळ्यांना नाही. प्रशिक्षण घेऊन प्राथमिक वर्गांना आधीच शिकवत असलेले किंवा समोरासमोर शिक्षक-प्रशिक्षण झालेले लागतात. तेव्हा हे फिल्डला असतानाच रेग्युलर बी.एड. उरकावं. ते दोन वर्षांचं असतं, आणि फिल्डचा काळ हाच आपण एका जागी राहण्याचा काळ. लोक म्हणतात, नवरा सीमेवर आणि ही कॉलेजला चालली. म्हणू देत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या, नायक हुद्द्यावरच्या जवानाच्या मिसेसनं सीईटी देऊन प्रवेश घेतलाय. तिचा मुलगा शाळेतून आला की आमच्याकडे जेवतो, आणि माझ्या पेपरच्या दिवशी माझी मुलगी तिच्याकडे.