क्लस्टर डोकेदुखी: सिलिंडर, इंजेक्शन की व्हेरापामिल?

क्लस्टर डोकेदुखी म्हणजे एका डोळ्याभोवती उठणारी, काही आठवडे पुन्हापुन्हा येणारी भयंकर कळ. तिचं निदान पक्कं झालं की घरात दोन प्रश्न उभे राहतात. आत्ता उठलेली कळ कशी थांबवायची? आणि पुढचे दीड-दोन महिने, म्हणजे कळांचा हंगाम चालू असेपर्यंत, ती उठूच नये म्हणून काय करायचं? दोन्हींची औषधं वेगळी, त्यामुळे निवडही वेगवेगळी करावी लागते. माझ्या धाकट्या दिरांना हा आजार बरीच वर्षं आहे. इंदूरच्या मराठी घरांतून कुणी विचारलं की मी हेच सांगते.

आधी कळ थांबवण्याचं बघू. एक अटॅक 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत चालतो आणि काही मिनिटांतच टोकाला जातो. डोळ्यातून पाणी, एक नाकपुडी बंद, पापणी उतरलेली. अर्धशिशीचा माणूस अंधारात पडून राहतो, याला मात्र एका जागी बसवत नाही. अशा वेळी पॅरासिटामॉल काय किंवा अर्धशिशीवरच्या सुमाट्रिप्टानची गोळी काय, पोटात जाऊन काम करेपर्यंत उशीर झालेला असतो. खरी निवड ऑक्सिजन आणि सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन यांच्यात आहे.

घरासाठी मी निःशंकपणे ऑक्सिजन म्हणेन. पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क घट्ट बसवून, ताठ बसून, मिनिटाला 12 ते 15 लिटर, 15 ते 20 मिनिटं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 15 मिनिटांत आराम पडण्याचं प्रमाण ऑक्सिजनने 78 टक्के होतं, साध्या हवेने 20 टक्के. रात्रीत तीनदा कळ आली तर तीनदा घेता येतो, आणि ज्यांना हृदयविकारामुळे इंजेक्शन चालत नाही त्यांनाही चालतो. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगायला हवं. या रुग्णांत धूम्रपान करणारे पुष्कळ असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

कोविडच्या काळात घेतलेलं 5 लिटरचं कॉन्सन्ट्रेटर इथे कामाचं नाही; एवढा प्रवाह त्यातून येत नाही. सिलिंडरच हवा. छोट्या बी-टाइपमध्ये साधारण 1500 लिटर असतात आणि 12 लिटरने 15 मिनिटं म्हणजे 180 लिटर. आठेक अटॅकमध्ये तो संपतो. मोठ्या डी-टाइपमध्ये जवळजवळ 7000 लिटर, म्हणजे अडतीसच्या आसपास अटॅक. हंगाम चालू असेल तर घरी मोठाच ठेवा. फ्लोमीटर 15 लिटरपर्यंत जातो ना, हे दुकानातच बघून घ्या. देवघराच्या खोलीत सिलिंडर ठेवू नका, निरांजन-उदबत्ती लांब हवी. आणि तेलकट हात व्हॉल्व्हला लावू नका.

इंजेक्शन 6 मिलिग्रॅमचं, कातडीखाली घ्यायचं. बहुतेकांना 10 ते 15 मिनिटांत उतार पडतो. पण 24 तासांत दोनच, आणि हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर नाहीच. चाळिशी ओलांडलेल्या, सिगारेट ओढणाऱ्याने हृदयाची तपासणी करूनच घ्यावं. नोकरीसाठी रोज पीथमपूरला जाणाऱ्याच्या पिशवीत मात्र हेच सोयीचं. दवा बाजारात जायच्या आधी फोन करून विचारा, सगळीकडे मिळेलच असं नाही. सुई नको असेल तर झोल्मिट्रिप्टानचा नाकातला फवारा आहे. तो थोडा सावकाश काम करतो.

आता हंगाम आवरण्याचं. बहुतेकांची सुरुवात व्हेरापामिल या हृदय-रक्तदाबाच्या गोळीने होते: दिवसाला 240 मिलिग्रॅम, मग हळूहळू वाढवत, काहींना 480 किंवा त्याहूनही जास्त. आधी ईसीजी, आणि डोस वाढवल्यावर पुन्हा, कारण हृदयातल्या विद्युतवहनाचा वेग मंदावू शकतो. ईसीजीचा कंटाळा करू नका. बद्धकोष्ठ पुष्कळांना होतं. शिवाय आधी अर्धशिशी समजून प्रोप्रॅनोलॉल चालू केलेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. दोन्ही मिळून नाडी धोकादायक इतकी मंदावू शकते.

व्हेरापामिलला गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. मधल्या काळासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. ते काही दिवसांतच कळा कमी करतं, म्हणून माणसाला तेच हवंसं वाटतं; पण त्याचा कोर्स दोन-तीन आठवड्यांचाच असतो. स्टेरॉइडने साखर चढते, म्हणून रुग्णाला मधुमेह असेल तर डोक्याच्या मागच्या बाजूच्या नसेजवळ द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. लिथियम बहुधा बारमाही दुखण्याला. त्यात रक्तातली पातळी, थायरॉइड, मूत्रपिंड सगळं तपासत राहावं लागतं, आणि मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. आयबुप्रोफेननेही चढते.

हंगामात दारू पूर्ण बंद. घोटभरानेही तासाभरात कळ उठू शकते. सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीतल्या, खाण्यावर खापर फोडून माणसाला उपाशी ठेवू नका. कळेच्या भरात जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर ते खरं धरा, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालतो.

हंगाम पुष्कळदा वर्षाच्या त्याच सुमारास परततो. मागचा दिवाळीच्या आसपास आला असेल तर नवरात्रातच डॉक्टरांना भेटून व्हेरापामिल कधी सुरू करायचं ते ठरवा आणि सिलिंडर भरून आणा.