छातीत जुना कफ, बोटांत आमवात: कोणती डबी घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

टीबी बरा होऊन वर्षं लोटलेली असतात, पण फुफ्फुसाचा एक कोपरा कायमचा खराब झालेला असतो. तिथल्या श्वासनलिका रुंदावलेल्या असतात, त्यांत कफ साठतो, वर्षातून दोन-तीनदा तो हिरवा होतो, ताप येतो आणि पुन्हा अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो. डॉक्टर याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. भारतातल्या अशा 2195 रुग्णांची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सर्वांत मोठं कारण जुना टीबी निघालं. साधारण तिघांमागे एकाला. त्यात ज्यांना आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, त्यांच्यात हा फुफ्फुसाचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. माझ्या आत्याला दोन्ही आहे. तिच्या औषधांची पिशवी मी सांभाळतो, आणि त्या पिशवीत कोणीतरी सुचवलेली नवी डबी सतत येत असते.

अडचण अशी की सुचवणारा एकाच आजाराचा विचार करून सुचवतो. गुडघ्याला गुण आला म्हणून शेजारीण हळदीची कॅप्सूल सांगते, तिला छातीचं ठाऊक नसतं. म्हणून मी प्रत्येक सप्लिमेंटकडे दोन प्रश्न घेऊन बघतो. एक, काम करतं का? दुसरा, आधीच चालू असलेल्या गोळ्यांशेजारी ते बसतं का? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि डबीवर त्याचं उत्तर नसतं.

कफासाठी: ॲसिटिलसिस्टीन की मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर

ॲसिटिलसिस्टीनची 600 मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. पाण्यात टाकली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा असतो, गोळी खराब नसते. पॅरासिटामॉल जास्त पोटात गेल्यावर यकृत वाचवायला दवाखान्यात हेच औषध देतात. कफातले चिकट धागे तोडून तो पातळ करणं हे त्याचं काम. चीनमध्ये ब्रॉन्किएक्टॅसिसच्या 161 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोज दोनदा 600 मिलिग्रॅम, असं वर्षभर घेणाऱ्यांचे छाती बिघडण्याचे प्रसंग बरेच कमी झाले. मात्र दुसऱ्या गटाला खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी दिलेली नव्हती, त्यामुळे निकालावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. याच जातीच्या कार्बोसिस्टीनचा आणि मिठाच्या तीव्र पाण्याच्या नेब्युलायझरचा मोठा अभ्यास युनायटेड किंग्डममध्ये झाला आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. 288 रुग्ण, वर्षभर उपचार. दोन्हींपैकी कशानेही छाती बिघडण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं नाही.

मग निवडायचं काय? कफ चिकट आहे, खोकून दम जातो, अशाला ॲसिटिलसिस्टीन दोन-तीन महिने घेऊन बघायला हरकत नाही, डॉक्टरांना विचारून. पण कफ पातळ झाला की तो बाहेर यायला हवा. म्हाताऱ्या माणसाला खोकायची ताकद नसेल तर पातळ झालेला कफ तिथेच साठून राहतो. छातीची फिजिओथेरपी, कुशीवर झोपून कफ काढायची पद्धत, दीर्घ श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून तो जोरात बाहेर फेकणं (इंग्रजीत ‘हफ’), हे शिकल्याशिवाय गोळीचे पैसे वाया जातात. ब्लडप्रेशर असलेल्यांनी आणखी एक पाहावं: फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरंच असतं. नेब्युलायझरने छाती आवळते असं वाटलं तर ते थांबवून डॉक्टरांना सांगावं. पहिला डोस दवाखान्यातच घेतलेला बरा.

सांध्यासाठी: माशाचं तेल की ग्लुकोसामिन

या दोन्हींत गोंधळ फार होतो, कारण दोन्ही डब्यांवर गुडघ्याचंच चित्र असतं.

ग्लुकोसामिन आणि कॉन्ड्रॉइटिन ही झिजेच्या संधिवातासाठी विकली जातात. आमवातात सांध्याचं अस्तर सुजतं, तो आजारच वेगळा. तिथे यांचा काही संबंध नाही. झिजेतसुद्धा पुरावा लंगडाच आहे. अमेरिकेत 1583 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण गटात ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. गुडघा, खुबा आणि हाताच्या झिजेसाठी ग्लुकोसामिन वापरू नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने 2019 मध्ये स्पष्टपणे सांगितलं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर हात लावू नये, रक्त जास्त पातळ होतं.

माशाच्या तेलाचं उलट आहे. झिजेपेक्षा आमवातात त्याचा पुरावा बरा आहे. तीन महिने किंवा जास्त घेतलं तर सकाळचा ताठरपणा आणि दुखणं कमी होतं, वेदनाशामक गोळ्या कमी लागतात. पण डोस मोठा लागतो: ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातली दोन ओमेगा-3 द्रव्यं, मिळून दिवसाला साधारण 2.7 ग्रॅम. आता डबी उलटी करून मागचं बारीक वाचा. पुढे ठळक अक्षरांत 1000 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते नुसतं तेलाचं वजन. मागे बहुतेक साध्या डब्यांवर ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचं द्रव्य 300 मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला नऊ कॅप्सूल! साठ कॅप्सूलची डबी आठवडाही पुरणार नाही. रोज एक कॅप्सूल घेऊन ‘मला गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरंच आहे, तेवढ्याने यायचाच नाही. घ्यायचंच तर जास्त तीव्रतेची कॅप्सूल शोधावी आणि दोन डब्यांची किंमत कॅप्सूलवर न काढता ईपीए-डीएचएच्या ग्रॅमवर काढावी.

कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला बांगडा आणि तारली ताटातच मिळते, तिथे मी डबीआधी बाजार सुचवेन. आत्याच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे तिच्यासाठी मासा आणि माशाचं तेल दोन्ही बाद. डबीवरची तपकिरी खूण तिने माझ्याआधी पाहिली. ग्लुकोसामिन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचाचं असतं आणि सांध्यांसाठीच विकलं जाणारं कोलॅजन हे प्राण्यांचंच, हेही शाकाहारी घरांत आधी सांगायला हवं. शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, पण महाग. जवसाची चटणी जरूर खावी. मात्र जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या जातीचं, शरीर त्यातलं फार थोडं ईपीएत बदलतं. आमवाताचं औषध म्हणून चटणीवर विसंबता येणार नाही.

आणि छातीकडून एक अडसर. खोकताना कफात रक्त पडतं, अशांनी मोठ्या डोसचं माशाचं तेल डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तेच.

हळद की सालई

हळदीबद्दल बोलायचं म्हणजे सांगलीकरांसमोर जपून बोलावं लागतं. पण स्वयंपाकातली हळद आणि कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिच्यातलं कामाचं द्रव्य, साधारण तीन टक्के. ग्लासभर दुधात चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम हळद घातली तरी नव्वदेक मिलिग्रॅमच होतं, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्या 139 रुग्णांत करक्युमिन 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी 50 मिलिग्रॅम दोनदा यांची तुलना झाली. चार आठवड्यांत दुखणं दोन्हींनी जवळपास सारखंच कमी झालं आणि पोटाचा त्रास करक्युमिनमध्ये कमी. डायक्लोफेनॅकने ज्यांचं पोट आणि मूत्रपिंड धोक्यात येतं, त्यांना हे मोलाचं वाटणारच.

पण शोषण वाढवण्यासाठी कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क, पिपरिन, घालतात. तो केवळ करक्युमिनचं शोषण वाढवून थांबत नाही. जम्मूच्या सरकारी सीएसआयआर प्रयोगशाळेने याच गुणाचा उपयोग करून टीबीचं एक औषध तयार केलं, ते 2009 मध्ये बाजारात आलं. 10 मिलिग्रॅम पिपरिन जोडल्यामुळे त्यातल्या रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकचा डोस 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणता आला. हे संशोधन आपल्याला अभिमान वाटावा असंच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की हळदीच्या डबीतला मिरीचा अर्क तुमच्या इतर औषधांची रक्तातली पातळी हलवू शकतो, आणि तिथे डोस मोजायला कोणी बसलेलं नसतं.

त्याहून मोठी काळजी यकृताची. इटली आणि अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले. ताटातल्या हळदीबद्दल ही तक्रार नाही. आपल्या रुग्णाचं यकृत आधीच राबत असतं: टीबी पुन्हा उलटला असेल तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, आमवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड. ही औषधं चालू असताना मी करक्युमिनची कॅप्सूल घेऊ देणार नाही. ज्याला फक्त झीज आहे, यकृताच्या चाचण्या नीट आहेत आणि अशी कुठलीच गोळी नाही, त्याने घेऊन बघावी, मिरीच्या अर्काशिवायची.

सालईचं झाड सातपुड्याच्या माणसाला नवीन नाही, त्याच्याच डिंकाला आयुर्वेद शल्लकी म्हणतो. नागपुरात झालेली आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी गुडघ्याच्या झिजेवरची होती. रुग्ण फक्त 30, आठ आठवड्यांनी औषधाची अदलाबदल. दुखणं आणि सूज घटली, चालायचं अंतर वाढलं. आकडा लहान, तरी पुढच्या छोट्या चाचण्यांचा कलही तसाच राहिला. झिजेच्या गुडघ्यासाठी हळदीच्या कॅप्सूल आणि सालईत निवडायचं तर माझा कल सालईकडे आहे. आमवातासाठी मात्र दोन्हींपैकी एकानेही हाडाची खरड थांबत नाही. ते काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचं. ‘आता हळद चालू केली’ म्हणून ते बंद करणाऱ्यांची बोटं पुढे वाकडी होतात, आणि वाकडी झालेली बोटं कुठलीच कॅप्सूल सरळ करत नाही.

ड जीवनसत्त्व

रक्तात कमी असेल तर घ्यावं, नसेल तर नको. गुडघ्याचं दुखणं त्याने कमी होत नाही. मंगोलियातल्या 8851 शाळकरी मुलांना तीन वर्षं देऊनही टीबीचा संसर्ग टळला नाही, हे 2020 मध्ये समोर आलं. साठ हजार युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते रोज किंवा महिनोन् महिने घेतलं तर रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, भ्रम, मूत्रपिंडाला इजा. टीबीच्या गाठी स्वतःच ड जीवनसत्त्व सक्रिय करतात, म्हणून सक्रिय टीबीत हा धोका आणखी वाढतो.

गुळवेल आणि अश्वगंधा

इथे तुलना करायचं कारणच नाही, या रुग्णासाठी दोन्ही नको. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच सांध्यांवर उठलेली असते. तिला ‘वाढवायची’ कशाला? शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण लिव्हरवर आधीच दोन-तीन गोळ्यांचा भार असलेल्या माणसाने वादाचा निकाल स्वतःच्या अंगावर लावून बघू नये. अश्वगंधेमुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

जी सप्लिमेंट खरोखर कामाची, ती डबीत नसतात

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला फॉलिक ॲसिड मिळालंच पाहिजे. ते तोंड येणं, मळमळ आणि यकृताचा त्रास कमी करतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. पिवळ्या गोळ्यांच्या गर्दीत अदलाबदल झाली तर जीवावर बेततं. आयसोनियाझिड चालू असेल तर बी6 हवं, नाहीतर तळपायाला मुंग्या येतात. ही दोन्ही जीवनसत्त्वं स्वस्त, पट्टीतली, जाहिरात नसलेली. ती खाली पडली तरी कोणी उचलून बघत नाही, आणि सगळ्यांत भक्कम आधार त्यांचाच आहे.

कॅल्शियम, लोह आणि झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी लेव्होफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनबरोबर घेतली तर अँटिबायोटिक आतड्यातच अडकतं. छाती बिघडल्याचा कोर्स चालू असताना या गोळ्यांत काही तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर तेवढे दिवस त्या थांबवाव्यात.

प्रोटीन पावडरच्या डब्याऐवजी मी डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी म्हणेन. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या घरांतले नवे टीबीचे रुग्ण 39 टक्क्यांनी घटले. हा 2023 मधला निकाल टीबी टाळण्याबद्दलचा आहे, जुन्या ब्रॉन्किएक्टॅसिसबद्दलचा नव्हे. पण वजन घटलेल्या छातीच्या रुग्णाने पैसे आधी कशावर खर्च करावेत, हे त्यातून मला पुरेसं कळतं.

बिनलेबलची पुडी

‘तीन दिवसांत वात गेला’ असं ज्या पुडीबद्दल ऐकाल, तिच्यापासून दूर राहा. अशा भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. सांधे खरंच मोकळे होतात, भूक लागते, चेहरा गोल होतो, आणि दबलेला टीबी पुन्हा डोकं वर काढतो. बऱ्याच महिन्यांनी ती अचानक बंद केली तर माणूस कोसळू शकतो. कोणी आधीच घेत असेल तर रागावू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे चला आणि ती एकदम थांबवू नका. टीबी आणि संधिवात बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. अशी जाहिरात दिसली की तेवढ्यावरूनच विकणाऱ्याची पारख होते.

ठरवताना

गोळ्यांची पूर्ण यादी, काढे आणि भुकट्यांसकट, छातीच्या आणि सांध्याच्या दोन्ही डॉक्टरांना दाखवा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, दोन आणल्या तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा ते कळत नाही. वहीत दोनच नोंदी ठेवा: सकाळी मूठ मिटायला किती वेळ लागला, आणि कफाचा रंग काय. तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर डबी बंद. मेथोट्रेक्सेट चालू असताना नवा कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, ते औषधच फुफ्फुसाला लागलेलं असू शकतं. आणि लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, भूक मेलेली, अंगाला खाज, यांतलं काहीही दिसलं तर सप्लिमेंट त्याच क्षणी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठून लिव्हरची रक्ततपासणी करा. डबी बरोबर न्या, म्हणजे काय पोटात गेलं ते त्यांना वाचता येईल.