मॅक्स पेन १ आणि २: चार-पाच महिने खेळून झाल्यावर, विषय फक्त वोडेन

पावसाळ्यात सेल लागला होता तेव्हा या गोळीबाराच्या कम्प्युटर गेमचे दोन्ही पार्ट घेतले, आता उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आलेत तरी खेळतोच आहे. सांगलीत आमच्या ग्रुपमधल्या पोरांना हा गेम म्हणजे बुलेट टाइम, दोन्ही हातात बंदुका घेऊन उडी मारायची आणि सगळं स्लो मोशनमध्ये. २००१ च्या मानानं ते भारीच होतं, आजबी नाद खुळा वाटतंय. पण मला धरून ठेवलं ते आल्फ्रेड वोडेननं.

हा इनर सर्कल नावाच्या गुप्त मंडळीतला बडा माणूस, दुसऱ्या पार्टात तर सरळ अमेरिकन सिनेटर. एक डोळा अधू. ड्रग वाल्किर, कंपनी एसिर, बिल्डिंग अॅसगार्ड, सगळं नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या पुराणातलं उचललंय, आणि तिकडचा मोठा देव ओडिनबी एकाच डोळ्याचा.

पहिल्या पार्टात शेवटाकडं तो मॅक्सला, म्हणजे आपल्या पोलीसवाल्या हिरोला, बोलावून सगळं सांगतो, गल्फ वॉरनंतर सैनिकांसाठी केलेला प्रयोग, तो बंद पडला तरी एसिरच्या मालकीण निकोल हॉर्ननं चालू ठेवलेला वाल्किरचा धंदा, त्यातच मॅक्सची बायको आणि लेकरू गेलं. म्हणजे याला सगळं ठाऊक! मग स्वतः का नाही काय केलं, तर म्हणे आमचे हात बांधलेत, तू तिला संपव, तुझ्यावरच्या पोलीस केसचं आम्ही बघतो. मला हसूच आलं, कारखान्याच्या इलेक्शनात "तू हो पुढं, मागचं साहेब बघतील" म्हणतात तोच सूर. तेवढ्यात बंदूकवाले घुसतात, मंडळीतले पटापट पडतात, आणि नंतर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसतंय की मेल्याचं सोंग घेतलेला वोडेन उठून गपचूप निघालाय. हा सीन मी कितीदा बघितला असेल.

आणि गंमत म्हणजे गडी शब्द पाळतो. मॅक्स सुटतो, दुसऱ्या पार्टात (२००३) पुन्हा पोलिसात असतो. इथंच खरी गोची आहे, शब्द मोडला असता तर गोळी घालून मोकळं झालो असतो, पण उपकार करून ठेवलेत त्याचं काय करायचं? कंट्रोलरवर बटण नाही तसलं. दुसऱ्या पार्टात तो कॅन्सरनं खंगलेला, व्हीलचेअरवर, मंडळीतच व्लाड नावाच्या रशियन डॉनशी त्याची जुंपलेली, आणि शेवटी खुर्चीतून उठून व्लाडवर झेपावतो तेव्हा, नालायक असूनबी, जीव थोडा हळहळतोच. स्पॉयलर झाला, पण वीस वर्षं झाली राव.

बाकी गेमप्लेचं थोडक्यात. नव्या पीसीवर पहिल्या पार्टाचा आवाज गायब होतो, फॅन लोकांनी केलेला पॅच (दुरुस्तीची फाइल) टाकला की येतो. अंधारात रक्ताच्या रेषेवरून चालायचं ते स्वप्नातलं लेव्हल, मागं बाळ रडतंय, निव्वळ वैताग, तिथं आवाज नसता तर बरं झालं असतं. डेड ऑन अरायव्हल या सगळ्यात अवघड मोडमध्ये चॅप्टरला सातच सेव्ह मिळतात, आणि आधीचे मोड पूर्ण केल्याशिवाय तो खुलतच नाही. स्टोरी मात्र कॉमिकच्या पानांवर सांगितलीय, ती स्किप करणाऱ्यांनी गेम घेऊच नये, कारण वोडेन गोळीबारात नाही, त्या पानांतच आहे.

तिसरा पार्ट (२०१२) साओ पाउलोत जातो, शूटिंग एक नंबर. वोडेन नाही, म्हणून मी अर्ध्यात सोडलाय.