महाधमनीचा फुगा: ओपन की स्टेंट? जरा आतड्याच्या बाजूनेही बघा

वडिलांच्या पोटातल्या महाधमनीचा फुगा ५.५ सेंमीच्या पुढे गेलाय आणि सर्जन म्हणतात ओपन करू (पोट उघडून फुग्याच्या जागी कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, शिवायची) किंवा स्टेंट टाकू (जांघेतून नळी आत सरकवून फुगा आतून झाकायचा), दोन्ही जमेल, की घरात सगळी चर्चा हार्टवर आणि बिलावर. आतड्याचं कोणी विचारतच नाही.

मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देणारी एक बारीक धमनी, आयएमए, नेमकी त्या फुग्यातूनच निघते. ओपनमध्ये ती बहुतेक वेळा बांधतात, स्टेंटमध्ये तिचं तोंड झाकलं जातं, म्हणजे दोन्हीकडे ती जातेच! तरी बहुतेकांचं निभावतं कारण वरून एसएमए (लहान आतड्याला रक्त देणारी मोठी धमनी) आणि खालून कमरेतल्या इंटर्नल इलियाक धमन्या रक्त पुरवतात, आणि कित्येकांची तर आयएमए आधीच बंद असते.

आकड्यांत बघितलं तर स्टेंट पुढे. ठरवून केलेल्या ओपनमध्ये आतड्याचं रक्त तुटण्याचं प्रमाण साधारण १ ते ३ टक्के, स्टेंटमध्ये १ टक्क्याच्या आसपास. फुगा फुटल्यावर केलं तर दोन्हीकडे कितीतरी जास्त, कारण बीपी पडलेलं असतं.

पण ओपनमध्ये आतडं डोळ्यांसमोर असतं हो. सर्जन रंग बघतात, डॉपलर (रक्ताचा प्रवाह तपासायचं यंत्र) लावतात, आयएमएच्या तोंडातून उलटं रक्त कसं येतंय ते बघतात, चांगली धार आली तर बिनधास्त बांधतात, धमनी उघडी असून नुसतंच झिरपत असेल तर ती ग्राफ्टला परत जोडता येते. स्टेंटमध्ये ही सोय नाही, सगळा भरवसा आधीच्या सीटी अँजिओवर (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनवर), त्यात फुग्यातल्या गुठळीचे कण सुटून आतड्याच्या बारीक नळ्यांत अडकू शकतात ते वेगळंच.

माझ्या मते खरा प्रश्न इलियाकचा. फुगा खाली तिथपर्यंत असेल तर स्टेंट बसवताना इंटर्नल इलियाक बंद करावी लागू शकते, एक गेली तर सहसा चालतं, दोन्ही जाणार असतील तर नक्की अडून बसा, फांदीवाला स्टेंट टाकून एक तरी वाचवता येईल का विचारा. एसएमए अरुंद आहे का, हेही. आणि पूर्वी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय का किंवा ओटीपोटाला रेडिएशन दिलंय का हे आपणहून सांगा, कारण अशांचे पर्यायी रस्ते आधीच तुटलेले असू शकतात, मग आकडे स्टेंटचे चांगले असले तरी मी ओपनचा विचार सोडणार नाही, अर्थात हार्ट आणि फुप्फुसं झेपणारी असतील तरच.

ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशंटला जुलाब झाले तर "चला, पोट चालू झालं" म्हणून खूश होऊ नका. रक्त पडत असेल किंवा पोट जास्तच दुखत असेल तर लगेच सिस्टरना बोलवा, त्याच दिवशी सिग्मॉइडोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं बघणं) करणार का विचारा. आतड्याची पूर्ण जाडी काळी पडली तर तेवढा भाग काढून पोटावर पिशवी लावावी लागते, आणि त्यातले साधारण निम्मे पेशंट वाचत नाहीत.